ऑनरोडचा आकडा फोडून मागा : नव्या सेडानच्या किमतीबद्दल वाचकांचे प्रश्न

सणासुदीच्या आगेमागे येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा असते : 'इतका डिस्काउंट देतायत, घेऊन टाकू का?' डिस्काउंटचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो कोणत्या रकमेतून वजा होतोय आणि ती रक्कम कशी फुगवली आहे, हे आधी बघावे लागते. म्हणून या वेळी सगळी उत्तरे याच विषयाची.

प्रश्न (नाशिक) : एक्स-शोरूम (नोंदणी, विमा धरण्याआधी) १३ लाखांची पेट्रोल सेडान शोरूमने ऑनरोड (सगळा खर्च धरून) १५,९९,४०० रुपयांना सांगितली. त्यावर ४० हजार डिस्काउंट आहे. कोटेशन सोबत पाठवले आहे. सौदा चांगला आहे का?

नाही. तुमच्या कोटेशनमध्ये एक्स-शोरूम १३,००,०००, आरटीओ १,७२,०००, विमा ६८,०००, हँडलिंग ९,५००, 'इसेन्शियल किट' १४,९००, एक्स्टेंडेड वॉरंटी २१,०००, फास्टॅग १,००० आणि टीसीएस (विक्रेत्याने तुमच्या नावे आगाऊ गोळा केलेला आयकर) १३,००० अशा ओळी आहेत. आता एकेक ओळ तपासू.

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के कर आहे. तुमचा कर झाला १,५६,०००. उपकर, नोंदणी, बँकेचा बोजा चढवण्याची फी, स्मार्ट कार्ड हे सगळे धरले तरी १,६२,०००च्या पुढे जायला मला कारण दिसत नाही. वरचे १० हजार कशाचे, ते विचारा आणि 'आरटीओची पावती माझ्या नावाची असेल, पावतीएवढेच पैसे देईन' असे लिहून घ्या. नंबरप्लेटचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही काढायला लावा. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडूनच येते आणि तिची किंमत गाडीच्या किमतीत धरलेली असते.

हँडलिंग चार्जेस द्यायची गरज नाही. गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणणे हे विक्रेत्याचेच काम आहे. कोणत्या नियमाखाली घेताय, ते लेटरहेडवर लिहून द्या म्हणा. माझ्या पाहण्यात ही मागणी लेखी केली की ती ओळ बहुतेक वेळा गळून पडते. किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर असते. हवे असेल तेवढे घ्या, सक्ती नाही. वॉरंटी वाढवणे चांगले, पण मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती साधारणपणे घेता येते. उशिरा दर थोडा चढतो, इतकेच. विम्यासाठी तुम्हीच बाहेरून ४६ हजारांचे कोटेशन आणले आहे, म्हणजे तिथे २२ हजार.

वॉरंटी बाजूला ठेवली तरी कर, हँडलिंग, किट आणि विमा मिळून ५६ हजारांवर रक्कम जास्तीची आहे. त्यातले ४० हजार तुम्हाला 'सूट' म्हणून परत मिळतायत.

पुढे काय करायचे? त्याच कंपनीच्या, पण वेगळ्या मालकाच्या आणखी दोन विक्रेत्यांकडून त्याच व्हेरियंटचे ओळवार कोटेशन लेखी घ्या. नाशिककरांनी पुणे-ठाण्याकडेही विचारायला हरकत नाही. मग ज्याच्याकडून सर्व्हिस करून घेणार, त्याच्यापुढे तिन्ही कागद ठेवा. एक लक्षात असू द्या : निव्वळ गाडीवर विक्रेत्याचे मार्जिन लोकांना वाटते त्यापेक्षा बारीक असते. त्याची खरी कमाई विमा, कर्ज, अॅक्सेसरीज आणि वॉरंटीत होते, त्यामुळे घासाघीसही तिथेच करायची. एक्स-शोरूममधून दीड लाख कमी करा म्हणून अडून बसणाऱ्याला कोणी गांभीर्याने घेत नाही. सही करण्याआधी अंतिम कोटेशन एखाद्या जाणत्या माणसाला किंवा जवळच्या ग्राहक पंचायतीत दाखवून घ्या.

प्रश्न (सोलापूर) : टीसीएसचे १३ हजार बुडाले का?

नाहीत. १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस लागतो. बिलावर पॅन बरोबर आहे ना ते बघा, विक्रेत्याकडून टीसीएसचे प्रमाणपत्र घ्या आणि रिटर्न भरताना सीएंना द्या.

प्रश्न (ठाणे) : जीएसटी कमी झाला म्हणून सेल्समन 'जीएसटी बेनिफिट' असे ४० हजार डिस्काउंटमध्ये दाखवतो. आम्ही साडेचार मीटर लांबीची सेडान बघतोय. हे बरोबर आहे का?

तो डिस्काउंट नव्हेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले. लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर १८ टक्के, त्याहून मोठ्या गाडीला ४० टक्के आणि सेस रद्द. छोट्या पेट्रोल सेडानला आधी २८ अधिक १ टक्का, म्हणजे २९ टक्के लागत होते. १२९ रुपयांची वस्तू ११८ला आली, किंमत साडेआठ टक्क्यांनी उतरली. तुम्ही बघताय त्या मोठ्या सेडानला, इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर, २८ अधिक १७ मिळून ४५ होते, ते ४० झाले. १४५चे १४० झाले, उतार साडेतीन टक्क्यांच्याही आत. डिझायरच्या जाहिरातीतला उतार सिटी किंवा व्हर्नाच्या किमतीत शोधू नका.

ही घट कंपनीच्या आजच्या छापील एक्स-शोरूम किमतीत आलेलीच असते. ती पुन्हा सूट म्हणून मांडणे ही शुद्ध दिशाभूल आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या शहराची आजची किंमत बघा आणि विक्रेत्याची सूट तिथून खाली मोजा.

प्रश्न (कोल्हापूर) : विमा बाहेरून घेतला तर ३० हजारांची सूट काढून घेऊ, कॅशलेस मिळणार नाही आणि क्लेमच्या वेळी तुम्हालाच त्रास होईल, असे शोरूमवाले म्हणतात. घरचे घाबरले आहेत. काय करावे?

घाबरू नका. मोटार विम्याच्या दाव्यांच्या कामात मी वर्षानुवर्षे आहे आणि सर्वांत जास्त लूट याच ओळीत होताना बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विमा कोणाकडून घ्यायचा, हा गाडी घेणाऱ्याचा हक्क आहे. विक्रेत्याला विमा विकता येतो, पण त्यासाठी आयआरडीएआयची (विमा क्षेत्राच्या नियामकाची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि त्यांत ग्राहकावर सक्ती करायला मनाई आहे. कॅशलेस म्हणजे दुरुस्तीचे बिल विमा कंपनीने थेट वर्कशॉपला देणे, ही त्या दोघांतली व्यवस्था आहे. पॉलिसी कोणी विकली, याचा तिच्याशी संबंध नाही. तुम्ही निवडलेल्या विमा कंपनीच्या यादीत तुमचे वर्कशॉप आहे का, एवढे बघा. क्लेमचा निर्णय विमा कंपनी सर्व्हेअरच्या अहवालावर घेते, शोरूमचा सेल्समन घेत नाही. 'क्लेम अडेल' ही नुसती धमकी आहे.

आता प्रीमियम कसा बनतो ते समजून घ्या. नव्या कारला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा ३ वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, हे सप्टेंबर २०१८ पासून आहे. त्याचा दर सरकार ठरवते. २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसी गाडीला ३ वर्षांचे १०,६४० रुपये अधिक जीएसटी. हा भाग सगळ्या कंपन्यांकडे सारखाच, त्यात सूट नाही आणि फसवणुकीलाही जागा नाही. फरक पडतो तो ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि अॅड-ऑनमध्ये (वरून घेतलेली जादा कव्हरे). ओन डॅमेज नव्या गाडीलाही एकच वर्षाचा घेतला तरी चालतो आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे नेता येतो. शोरूमच्या कोटेशनमध्ये याच भागात कमी सूट दाखवून आणि तुम्ही न मागितलेली पाच-सहा अॅड-ऑन घालून रक्कम चढवलेली असते. माझ्या मते झिरो डेप्रिसिएशन (बदललेल्या भागांच्या भरपाईतून घसारा न कापणारे कव्हर) पहिली काही वर्षे असावेच. पाणी साचणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्टही घ्या, आणि पंचगंगेचे पाणी बघितलेल्या कोल्हापूरकरांना त्याचे कारण सांगायला नको. किल्ली हरवणे, सामान हरवणे ही कलमे तुमची तुम्ही ठरवा.

बाहेरचे कोटेशनही डोळे झाकून घेऊ नका. तिथली युक्ती वेगळी असते : आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, खाली आणायचा आणि प्रीमियम स्वस्त दाखवायचा. नव्या गाडीचा आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असतो, १३ लाखांच्या गाडीला १२,३५,०००. कोणी साडेअकरा लाख धरून दर देत असेल तर गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली की तो फरक तुमच्या अंगावर येतो. दोन्ही कोटेशनमध्ये आयडीव्ही, अॅड-ऑन आणि स्वेच्छा कपात (क्लेममधली तुम्ही स्वतः सोसायची रक्कम) सारखी ठेवा, मगच आकडे शेजारी मांडा.

आणखी एक चलाखी, जिच्यामुळे सावध माणूसही शेवटी हरतो. बाहेरून पॉलिसी काढायला चॅसिस आणि इंजिन नंबर लागतो. विक्रेता तो डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत देत नाही. मुहूर्त ठरलेला, पाहुणे बोलावलेले, मग माणूस शोरूमचाच विमा घेऊन मोकळा होतो. म्हणून बुकिंगच्या पावतीवरच लिहून घ्या : 'विमा ग्राहक स्वतः घेईल, गाडी अलॉट होताच चॅसिस व इंजिन नंबर देण्यात येईल.' पावतीवर ही ओळ नसेल तर बुकिंगची रक्कम देऊ नका.

जुनी गाडी विकताय आणि तिच्यावर क्लेम घेतलेला नाही? मग नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) तुमचा आहे, गाडीचा नाही. तो ओन डॅमेजवर ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. विकण्यापूर्वी विमा कंपनीकडून त्याचे पत्र घ्या. शोरूममध्ये हे कोणी आपणहून विचारत नाही.

राहिली ३० हजारांची सूट. ती कंपनीने जाहीर केलेली असेल तर विम्याची अट घालता येते का, हे कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेलने विचारा आणि उत्तर विक्रेत्याला दाखवा. विक्रेत्याने स्वतःच्या खिशातून देऊ केलेली असेल तर साधी वजाबाकी करा. विम्यात १८ हजार वाचवायला ३० हजार सोडावे लागत असतील, तर त्याच्याच विमा कंपनीकडून तेवढ्याच कव्हरचा दर खाली आणायला लावा. बहुतेक वेळा तो येतो. सक्ती सुरूच राहिली तर आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार करता येते. त्याआधी ओळखीच्या विमा सल्लागाराला दोन्ही कागद दाखवा.

प्रश्न (पुणे) : शोरूममधला फायनान्सवाला ६ टक्के म्हणतो, आमची बँक ९ टक्के. कर्ज ८ लाख, ५ वर्षे. शोरूमचेच स्वस्त ना?

महाग. ६ टक्के 'फ्लॅट' आहे, म्हणजे पाचही वर्षे पूर्ण ८ लाखांवर व्याज; बँकेचे ९ टक्के घटत्या शिलकीवर. फ्लॅटमध्ये व्याज २,४०,०००, हप्ता १७,३३३. बँकेत हप्ता सुमारे १६,६०७. महिन्याला सव्वासातशेचा, पाच वर्षांत ४३ हजारांवर फरक. तुमचे ते ६ टक्के घटत्या पद्धतीने पावणेअकराच्याही वर जातात. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) देणे बंधनकारक आहे. त्यातला एपीआर (कर्जाचा शुल्कांसह वार्षिक दर) बघा, मुदतपूर्व फेडीचा दंड बघा आणि बँकेच्या शाखेत जाऊन बोला.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : पाडव्याला घ्यावी की डिसेंबरात? डिसेंबरात सूट जास्त असते म्हणतात.

मुहूर्त डिलिव्हरीचा असतो, सौद्याचा नव्हे. सौदा आधी काही आठवडे, शोरूम रिकामे असताना करा. पितृपक्षात बोलणी करून दसऱ्याला गाडी नेणे यात कोणता दोष आहे, मला दिसत नाही. महिनाअखेर, मार्च आणि डिसेंबर या वेळी विक्रेत्यावर आकडे पूर्ण करण्याचा दबाव असतो, हे खरे.

डिसेंबरच्या सवलतीतली खोच वेगळी. फॉर्म २१ वर (विक्रीच्या दाखल्यावर) आणि आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष येतो. जानेवारीत नोंदवलेली मागच्या वर्षीची गाडी विकताना एक वर्ष जुनीच मोजली जाते. सात-आठ वर्षे वापरणार असाल तर चांगल्या सवलतीत जरूर घ्या. तीन वर्षांत बदलणार असाल तर सूट त्या तोट्याला पुरते का, ते तपासा. गाडी नोंदणीला जाण्याआधी प्रत्यक्ष बघा. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. बराच काळ उभ्या गाडीची बॅटरी ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या.

प्रश्न (पनवेल) : मित्र म्हणतो, परराज्यात पासिंग केले तर लाखभर वाचतात.

करू नका. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवली की पुन्हा नोंदणी आणि इथला कर आलाच. बदलीची नोकरी असेल तर बीएच मालिकेत (देशभर चालणाऱ्या नोंदणीत) बसता का, ते आरटीओत विचारा.

प्रश्न (जळगाव) : मागच्या महिन्यात गाडी घेतली. आता पावती बघताना १२ हजार हँडलिंग दिसले. परत मिळतील का?

पावती पैसे देण्यापूर्वी वाचायची असते. दरवेळी हे पत्र डिलिव्हरीनंतरच येते आणि वाईट वाटते. तरी सोडून देऊ नका. विक्रेत्याला आणि कंपनीला लेखी पत्र पाठवा, पोच ठेवा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. जिल्हा आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षे आहे, पण कागद ताजे असतानाच वकिलाला किंवा ग्राहक पंचायतीला भेटा.

प्रश्न (सातारा) : जुन्या गाडीचे बाहेर ३ लाख १० हजार येतात. शोरूम २ लाख ६० हजार अधिक ३० हजार एक्स्चेंज बोनस देतो.

बाहेर विका, २० हजार जास्त मिळतात. आणि बोनससाठी गाडी शोरूमलाच द्यावी लागते का, हेही विचारा. काही कंपन्या घरातली जुनी गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा कागद दाखवला तरी बोनस देतात.

बाहेर विका किंवा शोरूमला द्या, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा. कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन येऊ नका. अपघात झाला तर आरसीवर ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. दलालाने सहा महिने कागद तसेच ठेवले आणि मधेच कोणाला धडक बसली, तर नोटीस तुमच्या घरी येईल. शोरूमकडून गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ घातलेली पावती घ्या. महिन्याभरात नाव बदलल्याचे परिवहनच्या संकेतस्थळावर दिसले नाही तर आरटीओत लेखी कळवा.