एक्सएसडीवरून जावा क्लास: सुरुवातीला एवढंच बघा

एक्सएसडी म्हणजे एक्सएमएलची रचना सांगणारा स्कीमा. त्यावरून जावा क्लास तयार करणारं एक्सजेसी हे टूल जावा ११ पासून जेडीकेसोबत (जावाच्या डेव्हलपमेंट किटसोबत) येत नाही. त्यामुळे ‘कमांड सापडत नाही’ म्हणून डोकं धरून बसू नका, सरळ मेव्हन या बिल्ड टूलचं एक्सजेसी प्लगइन लावा.

एक्सजेसीने तयार केलेल्या जावा फायलींना हात लावायचा नाही. नवीन माणूस हमखास त्यात एखादी मेथड घुसडतो आणि पुढच्या बिल्डला फायली नव्याने बनल्या की ती गायब! गिटमध्ये एक्सएसडी ठेवा, ते पुरे.

सुरुवातीला चकवणाऱ्या दोन गोष्टी:
- लिस्टला सेटर मिळत नाही. गेटरने लिस्ट घ्यायची आणि तिच्यातच ॲड करायचं.
- एक्सएसडीत घटकाचा मिनऑकर्स (तो किमान किती वेळा यायला हवा) शून्य असेल तर ‘इंट’चा ‘इंटिजर’ होतो, म्हणजे त्यात नल येऊ शकतो. घटक आलाच नसेल आणि नल न तपासता बेरीज केलीत की एक्सेप्शन ठरलेलं.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे क्लास स्कीमावरून बनलेत, तर एक्सएमएल आपोआप तपासलं जाईल. नाही जात. अनमार्शलरला (एक्सएमएल वाचून जावा ऑब्जेक्ट बनवणाऱ्याला) ‘सेटस्कीमा’ने स्कीमा द्यावा लागतो, नाहीतर सक्तीचा घटक गाळलेली फाइलही बिनबोभाट वाचली जाते.

बाइंडिंग फायली (क्लास कसे बनावेत ते बदलणाऱ्या) वगैरे भानगडी नंतर. आधी दोन-तीन टाइपचा छोटा स्कीमा घ्या, क्लास तयार करा आणि उघडून वाचा. अडलंच तर एक्सएसडीचा तेवढा तुकडा इथे टाका, बघू.