मुलीने शहरातल्या शिलाई युनिटमध्ये पॅटर्नचं काम शिकावं का?

प्रश्न : माझी मुलगी फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला शहरातल्या एका लहान गार्मेंट युनिटमध्ये पॅटर्न (कापड कापायचे कागदी साचे) आणि सॅम्पलिंग (ऑर्डरीआधीचा नमुना कपडा शिवणं) शिकायचंय. पण असे कारखाने बंद पडताहेत. त्यापेक्षा तिने मोठ्या ब्रँडच्या ऑफिसात लागावं असं आम्हाला वाटतं. – एक पालक

उत्तर : तुमची काळजी निम्मी खरी आहे. एकाच नमुन्याचे हजारो टी-शर्ट शिवणं शहरातल्या जागेच्या भाड्यात परवडत नाही, आणि ते काम परत येईल अशी आशा धरू नये. शहरात टिकतं ते वेगळं काम: सॅम्पल, पन्नास-शंभर नगांच्या ऑर्डरी, नाटकाचे पोशाख, हंगामात मध्येच संपलेला माल पुन्हा शिवून देणं. दूरचे मोठे कारखाने इतके कमी नग सहसा घेत नाहीत, आणि जहाजाने माल यायला कित्येक आठवडे जातात.

हे काम एकट्या युनिटच्या बळावर होत नाही. काज-बटणवाला, प्लीटिंगवाला (कापडाला चुण्या घालणारा), भरतकाम करणारा, मशीन दुरुस्त करणारा हे सगळे जवळपास लागतात. त्यातला एक उठला की बाकीच्यांचे दोन दिवस वाढतात आणि ऑर्डर हातची जाते. न्यूयॉर्कने 1987 मध्ये गार्मेंट डिस्ट्रिक्ट या कपडे-धंद्याच्या भागातली जागा उत्पादनासाठी राखण्याचा नियम केला, तरी तिथले कारखाने घटतच गेले. 2018 मध्ये ते बंधन उठवलं. जागा राखायलाच हवी, पण कटिंग मास्टर निवृत्त होताना त्याचं काम उचलणारं कोणी नसेल तर नुसती जागा उपयोगाची नाही. म्हणून मुलीचा निर्णय मला मोलाचा वाटतो.

मात्र तिने तिथे नेमकं काय शिकायचं ते ठरवून जावं. पहिलं म्हणजे कापडाची चाचणी. 50 सेंमीचा चौकोन आखून कापड धुवायचं. उभ्या धाग्यात तो 48.5 सेंमी भरला तर कापड 3 टक्के आकसलं. मग 70 सेंमी उंचीचा शर्ट हवा असेल तर पॅटर्न 72.2 सेंमीचा लागतो. नुसते 3 टक्के मिळवून 72.1 धरणारे थोडक्यात चुकतात, पण कापड 8 टक्के आकसणारं असलं की हीच चूक अर्ध्या सेंमीच्या आसपास जाते. विणीचं, ताणणारं कापड ठाणातून उलगडून दिवसभर मोकळं ठेवल्याशिवाय कापू नये. नाहीतर कापलेले भाग टेबलावरच आखडतात.

दुसरं ग्रेडिंग, म्हणजे एका साइझच्या पॅटर्नवरून बाकीचे साइझ काढणं. छातीत साइझमागे 4 सेंमी फरक असेल तर चौथाईच्या पॅटर्नवर 1 सेंमी येतो. तोच 1 सेंमी डोळे मिटून मुंढ्याच्या खोलीलाही दिला, तर मोठ्या साइझमध्ये हात वर करताच अख्खा शर्ट वर ओढला जातो. संगणक हे सांगत नाही, कपडा अंगावर चढवल्यावरच कळतं. पँटचा पाय पिळतो तो बहुतेकदा उभा धागा तिरका धरल्यामुळे किंवा दोन कडा जुळवताना एक ताणल्यामुळे. भाग जुळवण्यासाठी कडेला दिलेल्या खाचा 3-4 मिमीच्या आत ठेवाव्यात, खोल गेल्या तर शिवणीबाहेर दिसतात.

तिसरं, आणि लहान युनिटं इथेच बुडतात, ते म्हणजे दर काढणं. एका शर्टाचं शिलाईचं प्रमाणित काम 20 मिनिटांचं आणि युनिटची कार्यक्षमता 50 टक्के असेल, तर मजुरी 40 मिनिटांची धरावी लागते. शिवाय पॅटर्न, मार्कर (कापडावर पॅटर्नचे भाग बसवण्याची आखणी) आणि सॅम्पलचा खर्च 50 नगांत वाटायचा की 500, यावर दर ठरतो.

ऑफिसातली नोकरी नंतरही मिळेल, आणि हे काम जाणणाऱ्या मर्चंडायझरला (ब्रँडच्या बाजूने ऑर्डरी सांभाळणाऱ्याला) कारखाना खोटी तारीख देऊ शकत नाही. युनिट निवडताना पाहा: कटिंग मास्टर शिकवायला तयार आहे का, फिटिंगला तिला उभं राहू देतात का, दुरुस्त केलेला पॅटर्न तारीख घालून जपतात का. पगार लेखी आणि दरमहा हवा. सहा महिने फक्त धागे कापायला बसवणार असतील, तर दुसरं युनिट शोधा.