झाकण मिटलं, तरी लॅपटॉप जागाच

प्रश्न : मी वारज्याहून हिंजवडीला दुचाकीवरून ऑफिसला जातो. सकाळी घरी थोडं काम करून लॅपटॉपचं झाकण मिटतो आणि तो सॅकमध्ये टाकतो. पोचेपर्यंत सॅक पाठीला चांगलीच गरम लागते, आत पंखा फिरत असतो आणि बॅटरी निम्म्यावर आलेली असते. घरीसुद्धा कधीकधी मध्यरात्री तो आपोआप सुरू होतो. फॉरमॅट मारून झाला, फरक नाही. दुकानदार म्हणतात बॅटरी बदला. बदलू का?
– एक वाचक, वारजे

उत्तर : एवढ्यात बदलू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून बॅटरीपेक्षा स्लीपचाच, म्हणजे झाकण मिटल्यावर लॅपटॉपला लागणाऱ्या झोपेचाच, संशय जास्त येतो. नारायण पेठेतल्या माझ्या टेबलावर पावसाळा लागला की हीच तक्रार घेऊन लोक येतात, कारण सॅकवर रेनकव्हर चढलं की आतल्या गरम हवेला बाहेर पडायला जागाच राहत नाही.

जुन्या लॅपटॉपमध्ये झाकण मिटलं की एस-थ्री नावाची झोप लागायची. प्रोसेसर बंद, पंखा बंद, फक्त रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीला, जेमतेम वीज. आताच्या बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये त्याऐवजी एस-झिरो असते, तिलाच मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. मोबाइलसारखं, स्क्रीन काळी पण आतून अर्धवट जागं. मेल येत राहावेत, अपडेट उतरावेत, झाकण उघडताच काम सुरू व्हावं, हा त्यामागचा हेतू. एखादा ड्रायव्हर (लॅपटॉपमधला एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारं सॉफ्टवेअर) किंवा प्रोग्राम अडून बसला, की मशिन गाढ झोपेत जातच नाही आणि बंद सॅकमध्ये तापत राहतं.

तुमच्याकडे कोणती झोप आहे ते आधी बघा. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, त्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या. इंग्रजीत पॉवरसीएफजी (powercfg) सलग टाइप करा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ (/) आणि तिला लागून ए. उत्तरात वरच्या, म्हणजे उपलब्ध असलेल्या यादीत 'एस झिरो लो पॉवर आयडल' दिसलं, तर माझा अंदाज बरोबर.

आता खरा चोर पकडायचा. त्याच कमांडमध्ये ए-च्या जागी स्लीपस्टडी लिहा. एक रिपोर्ट तयार होतो. तो कुठे ठेवलाय तेही तिथेच लिहून येतं, ब्राउझरमध्ये उघडा. गेल्या तीन दिवसांत लॅपटॉप किती वेळा झोपला, प्रत्येक वेळी बॅटरी किती उतरली, सगळं ओळीने मिळतं. तुमच्या प्रवासाच्या वेळेची ओळ शोधा. तिच्यावर क्लिक केलं की 'टॉप ऑफेंडर्स' अशी यादी येते, तिथे वर असेल तो तुमचा आरोपी. माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपमध्ये वायफायचं कार्ड बरेचदा सापडतं. त्याचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलचाच घ्या. भलत्या साइटवरचे 'ड्रायव्हर अपडेटर' कृपा करून टाकू नका. फॉरमॅटने फरक पडला नाही, कारण नंतर बहुधा तोच ड्रायव्हर परत बसला.

मध्यरात्री जागं होण्यासाठी स्लीपस्टडीच्या जागी लास्टवेक लिहा, कोणी उठवलं त्याचं नाव काही वेळा मिळतं. नेटवर्क कार्ड किंवा माउस निघाला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये जाऊन कॉम्प्युटर जागा करण्याची परवानगी काढा.

पण हे सगळं करूनही सॅकमध्ये टाकताना स्लीपवर विसंबू नका. हायबरनेट वापरा. यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं आणि मशिन खरोखर बंद होतं. एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, असेल तर उघडल्यावर काही सेकंदांत काम होतं तिथून पुढे सुरू. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे झाकण मिटल्यावर काय करायचं ते निवडता येतं. 'ऑन बॅटरी'खाली हायबरनेट ठेवा. पर्याय दिसत नसेल, तर पॉवरसीएफजीपुढे तिरकी रेघ, हायबरनेट आणि जागा सोडून ऑन. डिस्कवर रॅमच्या साधारण ४० टक्के जागा जाते, ती खुशाल जाऊ द्या. लॅपटॉप कंपनीचा असेल तर ही सेटिंग बंद केलेली असू शकते. मग स्लीपस्टडीचा रिपोर्ट आयटीवाल्यांना पाठवा. नुसतं 'गरम होतो' म्हणण्यापेक्षा त्याची दखल लवकर घेतली जाते.

मी एवढं आग्रहाने का सांगतोय, तर लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून डोळ्यांच्या पातळीवरून बघा. टचपॅड एका कडेने वर आलाय, क्लिक घट्ट लागतंय, झाकण मिटल्यावर फट राहतेय, असं काही दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग मात्र चार्जिंग लगेच थांबवा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, आणि बॅटरी बदलूनच घ्या.

प्रश्न : टाइप करता करता माझा लॅपटॉप मध्येच झोपतो. चार्जर लावलेला असतो. दुकानात दिला की नीट चालतो!
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तुमच्या मनगटावर चुंबकाने चिकटणारा घड्याळाचा पट्टा आहे का? झाकण मिटल्याचं ओळखण्यासाठी बऱ्याच लॅपटॉपमध्ये झाकणात चुंबक आणि खालच्या भागात सेन्सर असतो. मनगट बरोबर त्या जागी टेकलं, की लॅपटॉपला वाटतं झाकण मिटलं. दुकानदाराच्या हातात तो पट्टा नसतो, म्हणून तिथे सगळं सुरळीत. घड्याळ काढून दोन दिवस काम करून बघा. चुंबक लावलेलं मोबाइलचं फ्लिप कव्हरही कीबोर्डच्या कडेला ठेवू नका. तरीही झोपत असेल तर तो सेन्सरच बिघडलेला असू शकतो. दुरुस्तीला देताना हे आवर्जून सांगा, म्हणजे पुन्हा विंडोज टाकण्यात वेळ आणि पैसे जाणार नाहीत.