एमअँगबँड (अँगबँड या कॉम्प्युटर गेमची अनेकांनी मिळून खेळायची आवृत्ती) सोर्स कोडवरून बिल्ड करून मी आणि भाऊ घरच्या वाय-फायवर एकत्र खेळू शकतो का?

हो, खेळू शकता, आणि वेगळा सर्व्हर भाड्याने घ्यायचीही गरज नाही. एमअँगबँडच्या एकाच सोर्समधून दोन प्रोग्रॅम तयार होतात: खेळ चालवणारा सर्व्हर ‘मँगबँड’ आणि प्रत्येक खेळाडू वापरतो तो क्लायंट ‘मँगक्लायंट’. लिनक्सवर आधी सी कंपायलर, ऑटोटूल्स (बिल्डची तयारी करणारी साधनं) आणि एनकर्सेसचं (टर्मिनलवर चित्र दाखवणाऱ्या लायब्ररीचं) डेव्हलपमेंट पॅकेज टाका. नुसतं एनकर्सेस असून भागत नाही, हेडर फाइल्स लागतात. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मग गिटवरून घेतलेल्या फोल्डरमध्ये क्रमाने ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक या कमांड चालवा.

सर्व्हर सुरू करण्याआधी ‘मँगबँड डॉट सीएफजी’ उघडून:
- कन्सोलचा (सर्व्हर सांभाळायच्या खिडकीचा) पासवर्ड बदला
- मेटासर्व्हरला कळवणारा पर्याय बंद करा, नाहीतर तुमचा घरचा खेळ जाहीर यादीत जायचा

तुमच्या मशीनवर क्लायंटला १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन) हा पत्ता द्या, भावाला तुमच्या लॅपटॉपचा वाय-फायवरचा आयपी. पोर्ट १८३४६, फायरवॉल असेल तर तो उघडा.

मात्र दोघांचे क्लायंट सर्व्हरच्याच आवृत्तीतून बिल्ड करा. आणि हो, मूळ अँगबँडसारखा हा खेळ तुमच्या चालीसाठी थांबत नाही. राक्षस समोर असताना चहा आणायला उठू नका.