मुलगा फुटबॉलच्या सामन्यात मारामारी करतो, कोच म्हणतो 'डिफेंडरला राग हवाच'. त्याला खेळातून काढावं का?

आधी आइस हॉकीचा निकाल लावतो. तुम्ही लिहिलंय की तिथे मारामारी चालते असा दाखला कोचने दिला. एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या आइस हॉकी लीगमध्येसुद्धा मारामारीला पाच मिनिटांची शिक्षा आहे, आणि दोघांच्या भांडणात तिसरा घुसला तर त्याला सामन्याबाहेर जावं लागतं. कॅनडातल्या क्वेबेकच्या ज्युनियर लीगने तर 2023 मध्ये मारामारी करणाऱ्याला थेट सामन्यातून काढायचा नियम केला. तिथे सोळा ते वीस वर्षांची पोरं खेळतात. तुमचा मुलगा बारा वर्षांचा आहे. कोचसाहेबांनी रील कमी बघावेत.

आता त्या 'राग हवाच'बद्दल. गोव्यात, आमच्या पेडणे तालुक्यातल्या मैदानांवर हे ऐकून माझे कान किटले आहेत. मी गावोगावच्या स्पर्धांत शिट्टी वाजवायचो. वाजवायचो म्हणतो, कारण आमच्याच भागातल्या एका स्पर्धेचं आमंत्रण मला आता येत नाही.

अंडर-14, वाड्यावाड्यांची स्पर्धा, फायनल. मे महिना, शेतात आखलेलं मैदान, तांबडी धूळ. एका संघाचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर, खरोखर गुणी होता. अंगाने बारीक, पण समोरचा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा, कुठे वळणार हे त्याला आधीच कळायचं. अडचण कडेला उभी होती. एक त्याचा कोच आणि दुसरा त्याचा मामा. "पांयांक मार रे ताच्या!" "बॉल गेल्यार वचूं, मनीस वचूंक जायना!" म्हणजे चेंडू गेला तर जाऊ दे, माणूस जाता कामा नये. पहिल्या हाफपासून हेच. प्रत्येक टॅकलनंतर ते पोरगं चेंडू कुठे गेला हे न बघता आधी मामाकडे बघायचं. चेंडू स्वच्छ काढला तर मामा गप्प. समोरचा लोळला की टाळ्या.

दुसऱ्या हाफमध्ये विंगर त्याला चकवून गेला. चेंडू पार पुढे पोचला होता, आणि ह्याने मागून लाथ झाडली. लागली नाही, हवेतच गेली. मी लाल कार्ड दाखवलं.

कोच धावत आत. "लागलंच नाही तर लाल कसलं?" अहो, फुटबॉलच्या नियमावलीत नियम 12 मध्ये तेच लिहिलंय. चेंडूसाठी झुंज चालू नसताना कुणावर आडदांड जोर वापरला, किंवा वापरायचा नुसता प्रयत्न केला, तरी ते हिंसक वर्तन. लागलं की नाही हा प्रश्नच येत नाही. त्याने माझ्या छातीला छाती लावली, तेव्हा त्यालाही लाल दाखवलं. 2019 पासून कोचलाही कार्ड दाखवता येतं, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो मैदान सोडेना. मी चेंडू काखेत घेतला आणि सामना तिथेच थांबवला.

मग रामायण. प्रमुख पाहुणे खुर्चीत, ट्रॉफ्या रिबिनी लावून टेबलावर, माइकवाला सारखा 'थोड्याच वेळात' म्हणतोय. कमिटीत माझा सख्खा मेव्हणा. तो मला बाजूला घेऊन म्हणतो, "भुरग्यांचो खेळ, तुका कार्डां कित्याक जाय?" पोरांचा खेळ म्हणूनच कार्ड हवं ना बाबा! पंचवीस वर्षांच्या बाप्याला मी काय शिकवणार? सामना पुढे दुसऱ्या कुणीतरी खेळवला म्हणे. मी थांबलो नाही.

तेव्हापासून दर गणेश चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडवाखाली, बसून मेव्हणा तेच उगाळतो, की माझ्यासारख्या रेफ्रींनी गोव्याचा फुटबॉल मऊ केला. मऊ? 20 डिसेंबर 2015 ला मडगावच्या फातोर्ड्यात आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, फायनल झाली. आपण, म्हणजे एफसी गोवा, 2-1 ने पुढे होतो आणि शेवटच्या काही मिनिटांत चेन्नईयनकडून 3-2 ने हरलो. नंतर मैदानात जी धक्काबुक्की झाली, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, 2016 मध्ये एफसी गोवाला कोट्यवधींचा दंड झाला, त्यातून कुठला चषक आला? राग तर भरपूर होता.

खांद्याला खांदा भिडवून चेंडू काढणं नियमात बसतं. जोर हवाच, तो शिकवावा लागतो, आणि शिकवायला वेळ लागतो. पायावर मार हे सांगायला कोच कशाला पाहिजे?

तर मुलाला काढू नका, कोच बदला. त्याआधी एकदा सराव बघायला जा आणि चांगल्या टॅकलला तो शाबासकी देतो की समोरचा पडल्यावर, एवढंच बघा. सामन्याला तुम्ही, काका, मामा, जे कोण जाता ते संघाच्या बाकापासून लांब, पलीकडच्या बाजूला उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. 2017 पासून मुलांच्या सामन्यांत खेळाडूला काही मिनिटं बाहेर बसवायची सोयही नियमांत आहे, राष्ट्रीय संघटनेने मुभा दिली तर. सरावात तर कोणीही करू शकतो. मारलंस की दहा मिनिटं बाहेर, आरडाओरडा न करता.

हां, एक राहिलं. मुलगा शाळेत आणि घरीही हात उगारत असेल, तर हे उत्तर तुमच्या कामाचं नाही, समुपदेशकाकडे न्या. आणि समोरचे त्याला अख्खा सामना तुडवत असतील आणि रेफ्री शिट्टीच वाजवत नसेल, तर दोष त्या रेफ्रीचा. असेही आहेत आमच्यात. आमच्या मेव्हण्याच्या कमिटीला ते फार आवडतात.