ओला बोळा

प्रिय मुली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. नर्सिंग सोडू की प्रेमकथा सोडू, असं विचारतेस. दोन्हीतलं काहीही सोडायचं नाही, तो विषय संपला. मला खटकलं ते वेगळंच. तू पाठवलेल्या गोष्टीतली नायिका नर्स आहे आणि अठरा पानांत ती एकदाही हात धूत नाही. कुणाची नाडी बघत नाही. डॉक्टर राउंडला आले की तेवढी लाजते. अगं, रोज पाय सुजेपर्यंत उभी असतेस तू. ते सगळं गेलं कुठे?

हातांनी केलेलं काम गाळू नकोस.

ल्युसिला अँड्र्यूज नावाची एक ब्रिटिश लेखिका होती. जन्म १९१९चा, सुएझचा. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलची नर्स झाली. १९४७ साली एका डॉक्टरशी लग्न केलं. तो व्यसनात बुडालेला निघाला आणि १९५४मध्ये वारला. पदरी लहान मुलगी. त्याच वर्षी तिची पहिली कादंबरी आली आणि पुढे १९९६पर्यंत ती हॉस्पिटलमधल्या प्रेमकथा लिहीत राहिली, तीसहून जास्त. डॉक्टरशी लग्न म्हणजे काय असतं हे तिच्याइतकं कुणाला कळलं असेल? तरी तिने प्रेमावर लिहिलं. लाजून नव्हे, वॉर्डात उभं राहून.

१९७७ साली तिने युद्धकाळातल्या नोकरीच्या आठवणी लिहिल्या. त्यात नायट्यावर जेन्शन व्हायोलेट लावणं आहे, मुक्या मारावर लेड लोशन आहे, शिकाऊ मुली ज्या बाहुल्यांवर सराव करायच्या त्यांची नावंसुद्धा आहेत. पुढे इयान मॅक्युअन या नामवंत कादंबरीकाराला २००१च्या ‘अटोनमेंट’मध्ये युद्धातलं हॉस्पिटल उभं करायचं होतं, तेव्हा हेच तपशील त्याच्या कामी आले. पुस्तकाच्या शेवटी त्याने तिचे आभार मानले आहेत. चोवीस वर्षांनी काय टिकलं होतं, बघ. जांभळं औषध आणि बाहुल्या! आणि तू ते ‘रटाळ’ म्हणून खोडतेस?

आता माझं सांगते. एका नाइटला पोटाच्या ऑपरेशनची बाई होती. तोंडाने काही द्यायचं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. नवरा मिलमध्ये कामाला. तो पहाटेपर्यंत स्टुलावर बसून ओला बोळा तिच्या ओठांवरून फिरवत होता. बोळा पिळायचा, परत भिजवायचा, आणि थेंब आत जाऊ नये म्हणून खाली दुसऱ्या हाताचं बोट धरायचा. प्रेम म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं. घरी जाऊन लिहूनही काढलं. संपादक म्हणाले, वाचकांना दवाखान्याचा वास नको असतो, त्याच्या हातात फुलं द्या. मी दिली. घरात दोन मुलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मानधनाची गरज होती. त्या परिस्थितीत दुसरं काय करणार होते? मी चुकले असं आजही कुणी म्हणू नये. पण ती गोष्ट छापून आली तेव्हा मी ती घरात कुणाला दाखवली नाही. पुढे सवयच लागली. सलाईन काढली, बेडपॅन काढले, रात्रीचं कण्हणं काढलं. माझ्या सगळ्या नायिकांचे हात कोरडे राहिले.

म्हणून तुला इतकं टोचून बोलते. रागावू नकोस. तुझी भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे, कान चांगला आहे. पण काम गाळलंस तर त्या मुलीचं प्रेम कुणाला खरं वाटणार नाही. थकलेल्या माणसाने थकलेल्या माणसाकडे बघणं वेगळं असतं, ते तू रोज ड्युटी बदलताना, हँडओव्हरला बघतेस.

गोष्टीच्या सातव्या पानावर तो तिला पहिल्यांदा हाक मारतो. तेव्हा तिच्या हातात काय होतं? ट्रे, सिरिंज, कुणाची उलटी पुसलेलं फडकं? तेवढं एक पान नव्याने लिही आणि या रविवारी मला पाठव.

तुझी,
सिस्टर