तुमच्या रोजच्या वापरातल्या, एकाच रंगाच्या आवडत्या वस्तू कोणत्या? आणि तोच रंग का?

निळा. पण माझा संग्रह कपाटात मांडून ठेवण्यातला नाही. निळे कप, निळे पडदे, निळी फुलदाणी असं ठरवून आणलं की ती सजावट झाली. माझ्याकडच्या वस्तू कामासाठी घरात आल्या, आणि त्यातल्या एकदोन तरी निळ्या असण्याला चांगलं कारण आहे.

पहिला मान निळीच्या डबीला. हल्ली बहुतेक घरांत नीळ पातळ, बाटलीतली असते. मी अजून भुकटीच आणतो. चिमूटभर भुकटी जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधायची आणि ती पुरचुंडी बादलीत हलवायची. पाण्याला फिकट आभाळी छटा आली की बास. ही भुकटी पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते, आणि बादली जरा वेळ तशीच राहिली की तळाशी जाऊन बसते. म्हणून कपडा टाकण्याआधी पाणी पुन्हा ढवळायचं आणि टाकल्या टाकल्या तो खालीवर करायचा. नाहीतर सदऱ्याच्या पाठीवर नकाशा उमटलाच म्हणून समजा. पांढरं सुती कापड जुनं झालं की पिवळट पडतं, आणि निळ्याच्या छटेत तो पिवळेपणा दिसेनासा होतो. मळ काही निघत नाही, ते काम साबणाचं.

या भुकटीतल्या रंगाचा, म्हणजे अल्ट्रामरीनचा, इतिहास मोठा मजेशीर आहे. युरोपातले चित्रकार एकेकाळी तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेल्या दगडापासून काढत, आणि तो भयंकर महाग पडे. 1824 साली फ्रान्समध्ये स्वस्त कृत्रिम निळा बनवणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. 1828 साली ते गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून हा रंग तयार होतो. आम्लाशी मात्र त्याचं अजिबात पटत नाही, रंग उडतो. चर्चमधल्या चित्रांत मेरीच्या वस्त्राला जपून लावायचा रंग आमच्या बनियनला लागतो, याचं मला अजून अप्रूप आहे.

फरशीचं काम चालू असताना गवंड्यानेही हीच डबी मागून घेतली होती. नीळ लावलेली सुतळी दोघांनी भिंतीवर ताणून धरली, मधे चिमटीत ओढून सोडली, की टच्! सरळसोट रेघ.

स्लिपर सगळ्यांकडे असतात: वर पांढऱ्या, पट्टे निळे. त्याबद्दल इतकंच सांगेन की पट्टा तुटला म्हणून जोडी टाकून देऊ नका, नुसते पट्टेही मिळतात. नव्या पट्ट्याच्या बोंडाला साबणाचं पाणी लावा, भोकातून सहज जातं.

मग अंतर्देशीय पत्रं. ट्रंकेत गठ्ठा आहे, बहुतेक मामाची. त्याची खोड अशी की मुख्य मजकूर संपला तरी पत्र संपायचं नाही. समासात उभं, घडीच्या पट्टीवर आडवं, डिंकाच्या कडेपर्यंत ‘ता.क.’ चालूच. पत्र फोडताना त्यातला एखादा शब्द फाटून जायचा आणि नेमका तोच महत्त्वाचा असायचा. पत्राच्या आत काही घालायला परवानगी नव्हती, त्यामुळे जे काय सांगायचं ते त्या एका कागदावरच. आता कोणी लिहीत नाही, पण अजूनही काही कोरी पत्रं मी आणून ठेवली आहेत. ‘रोजच्या वापरातली’ म्हणता येणार नाहीत, हे मान्य.

गॅसची ज्योत वस्तूत धरायची का? मी धरतो. निळी असेपर्यंत गॅस नीट जळतोय. पिवळी झाली की समजायचं, हवा पुरेशी मिसळत नाही, अर्धवट जळलेला कार्बन तापून पिवळा चमकतोय, आणि पातेल्यांची बुडं काळी होणार. बर्नर थंड करून उतरवा, भोकं सुईने साफ करा. तरीही पिवळीच राहिली तर मेकॅनिकला बोलवा.

निळं प्लॅस्टिकचं पिंप मात्र माझ्या यादीत नाही, जरी ते दारात उभं असलं तरी. असली पिंपं बऱ्याचदा रसायनांच्या कारखान्यातून येतात. आधी त्यात काय होतं हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही, म्हणून आमच्याकडे ते झाडांच्या पाण्यालाही वापरत नाही, नुसती रद्दी भरतो.